गावच्या चुलीवर परदेशी घरचा स्वयंपाक: सुरुवात कुठून करावी

मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी घरातलं रांधणं बघितलं की करून बघावंसं वाटतं. मग सामानाची यादी येते: ऑलिव्ह तेल, पार्मेझान चीज, ओव्हन. तालुक्याच्या किराणा दुकानात यातलं काहीच नसतं. कुणी नागपूर-अमरावतीला निघालं की त्याच्या हाती चिठ्ठी द्यायची, महागाची बाटली येते, एकदा उघडली जाते आणि फडताळात मागे सरकते. हौस तिथंच संपते.

यादी उलटीकडून लावा. घरातल्या कोठीत जे धान्य आहे ते जगात आणखी कुठं रोजचं जेवण आहे, हे आधी बघा आणि तिथला पदार्थ करा. सुदानमध्ये ज्वारी खातात, मेक्सिकोत मका, इटलीच्या जिनोव्हाकडे बेसन, लेबनॉन-सीरियात मसूर-भात. हा हॉटेलातला स्वयंपाक नव्हे, घरातला आहे. तिथंही तो तव्यावर आणि साध्या भांड्यातच होतो. ज्याला भाकर थापता येते आणि वरण शिजवता येतं त्याला हे सगळं जमतं. आमच्या भागात मिळणाऱ्या वस्तूंनी जे नीट होतं तेवढंच खाली दिलं आहे.

१. आधी जमवाजमव

भांडी:
- सपाट लोखंडी तवा. भाकरीचा खोलगट तवा पातळ पिठाच्या पदार्थांना चालत नाही, पीठ मधोमध गोळा होतं.
- स्टीलचा मोठा गंज. मक्याला आणि अंबाडीला जर्मलचं भांडं अजिबात वापरू नका. चुना आणि आंबट दोन्ही ॲल्युमिनियमला खातात.
- पाटा-वरवंटा, नसेल तर दमदार मिक्सर.
- मैद्याची बारीक चाळणी, दोन सुती फडकी, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा.

सामान: ज्वारी, वाळलेला मका, हरभऱ्याच्या डाळीचं बेसन, अख्खा मसूर, जुना तांदूळ, कांदे, जिरं, मिरे, शेंगदाणे, खायचा चुना. मोसमात अंबाडीची लाल बोंडं.

परदेशी कृतींत ‘एक कप’ म्हणजे साधारण २४० मिली. आपला चहाचा कप त्याच्या निम्मा भरतो. या एका गोष्टीनं कितीतरी पदार्थ बिघडतात, म्हणून शक्य तिथं वजनानंच घ्या.

दुकानात जाताना एक सांगून ठेवते. ‘कॉर्नफ्लोअर’ मागितलं की दुकानदार पांढरीशुभ्र पुडी देतो. ती मक्याची नुसती पिठी असते, सूप घट्ट करायची. तिची भाकर होत नाही. आणि चक्कीवर दळलेलं साधं मक्याचं पीठ म्हणजे मेक्सिकोचं पीठ नव्हे; ते का, ते पाचव्या पायरीत येईल.

२. पहिल्यांदा फोडणी बंद

ही पायरी सगळ्यांत अवघड, कारण इथं हातच ऐकत नाही. तेल तापलं की मोहरी पडते, मागून तिखट-हळद येतेच. पहिल्या वेळी मूळ कृतीत नाही ते काही घालू नका. जसं आहे तसं एकदा चाखा. त्या लोकांनी चव कशातून काढली आहे ते कळतं: कुठं कांदा जाळण्याच्या बेताला आणून, कुठं पीठ आंबवून, कुठं नुसता चुना लावून. दुसऱ्या वेळी काय हवं ते करा. ठेचा कुठं पळून जात नाही.

३. सोप्यापासून सुरू करा: मुजद्दरा

लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन इकडचा हा मसूर-भात. अरब घरांत गरिबाचं जेवण म्हणून ओळखतात आणि आवडीनं खातात. १२२६ साली बगदादमध्ये लिहिलेल्या एका पाककृतींच्या संग्रहातही याची मांस घातलेली कृती आहे, म्हणजे आठशे वर्षं तरी हा चुलीवर आहे.

एक वाटी अख्खा मसूर, एक वाटी तांदूळ, चार मोठे कांदे, अर्धी वाटी तेल, एक चमचा जिरेपूड, मीठ. झालं साहित्य.

कांदे उभे, जरा जाडसर चिरा. तेलात मंद आचेवर परता. गुलाबी झाले की आपण थांबतो. इथं थांबायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. कांदा आधी पाणी सोडतो, मग मऊ पडतो, मग कडेनं तांबूस होतो आणि शेवटी गर्द तपकिरी होऊन गोडसर खमंग वास सुटतो. त्या शेवटच्या पाच मिनिटांत चुलीपासून उठू नका, कारण तपकिरी आणि कोळसा यांच्यात फार अंतर नसतं. तुराट्यांचा जाळ असेल तर तो भडकतो आणि विझतो. कांद्याला बाभळीचे निखारे बरे.

तोवर मसूर वेगळा उकडा, बोटचेपा होईपर्यंतच. मग त्यात धुतलेला तांदूळ, जिरेपूड, मीठ, निम्मा कांदा आणि कांद्याचं तेल घाला, पाणी तांदळाच्या वर बोटाच्या एका पेराएवढं ठेवा, झाकून मंद शिजवा. उरलेला कांदा वाढताना वरून. सोबत दही आणि काकडी.

मसुराची लाल डाळ घेतली तर त्याचं वरण होतं. अख्खाच हवा. तांदूळ नवा असेल तर गिचका होतो. पूर्व विदर्भातल्यांना तांदूळ सांगायला नको. मी जुना एचएमटी वापरते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवडून काढलेलं ते वाण, आणि नाव पडलं ते घड्याळावरून. मोकळा शिजतो, मसुरासोबत तेच पाहिजे.

४. ज्वारीचा किसरा

ज्वारी मुळात आफ्रिकेच्या ईशान्येकडची. सुदान तिच्या माहेरच्या मुलखातलं, आणि तिथं ती आपल्यासारखी थापत नाहीत. पीठ आंबवून तव्यावर कागदासारखं पातळ पसरतात, त्याला किसरा म्हणतात. आपलं आंबील आणि धिरडं दोन्ही माहीत असतील तर अर्धं काम झालंच.

ज्वारी घेताना दाणा बघा. पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी भाकरीला लोक चालवून घेतात. आंबवायला ती घेऊ नका, बुरशीचा कडवट वास पुऱ्या पिठाला लागतो. सोयाबीन आल्यापासून आपल्याकडे ज्वारीचा पेरा घटला, बऱ्याच घरी ती विकतच येते, तेव्हा निवडून घ्या. पीठ ताजं आणि बारीक दळा, मैद्याच्या चाळणीनं चाळा.

कृती:
- तीन वाट्या ज्वारीचं पीठ पाण्यात सैल कालवा, गाठ राहू देऊ नका. त्यात दोन चमचे ताक घाला. सुदानातल्या घरांत आदल्या खेपेचं थोडं पीठ राखून ठेवतात आणि तेच विरजण म्हणून वापरतात. तुम्हीही पुढच्या वेळेपासून तसं करा.
- झाकून ठेवा. थंडीत रात्रभर आणि वर सकाळचे दोन-तीन तास. मे महिन्यात पाच-सहा तासांतच फसफसतं, रात्री ठेवलं तर सकाळी इतकं आंबट होतं की तोंडात धरवत नाही. उन्हाळ्यात सकाळी कालवा, दुपारी करा.
- करायच्या आधी एक वाटी गव्हाचं पीठ मिसळा. तिथंही बऱ्याच घरी घालतात. त्यानं पापुद्रा तुटत नाही. मीठ घाला. पाणी घालून धिरड्यापेक्षा पातळ करा.
- तवा मध्यम तापवा, तेलाचा बोळा फिरवा. पळीभर पीठ एका कडेला ओता आणि पट्टीनं दुसऱ्या कडेपर्यंत एका ओढीत पसरा.

ही ओढच शिकायची गोष्ट आहे. सुदानी बायका खजुरीच्या पानाचा तुकडा वापरतात. आपल्याकडे शिंदीचं पान मिळालं तर उत्तम, नाहीतर स्वच्छ धुतलेली लाकडी फूटपट्टी. प्लास्टिकची नको, तव्याला चिकटते. पट्टी जवळजवळ आडवी धरा, दाबू नका, पिठाला पुढं लोटत न्या. मागं राहतो तो थर इतका पातळ असतो की लगेच पांढरा पडतो. मिनिटभरात कडा आपोआप उचलल्या जातात. सराट्यानं कड सोडवा आणि हातानं सोलून घ्या. उलटायचा नाही. एकावर एक रचा, झाकून ठेवा म्हणजे मऊ राहतात. पहिले दोन-तीन फाटणारच, ते तव्याची आच समजायला.

याच्याबरोबर मुलाह नावाचं कालवण असतं. सगळ्यांत सोपं वाळवलेल्या भेंडीचं. भेंड्या चकत्या करून कडक उन्हात वाळवायच्या, कुटून पूड करायची. भरपूर कांदा तेलात परतायचा, टमाटे घालायचे, पाणी घालून उकळी आणायची आणि भेंडीची पूड भुरभुरत घोटायची. दाट, तार सुटणारं कालवण होतं. तिथं पुष्कळदा यात वाळवलेलं मांसही असतं. तार आवडत नसेल तर भेंडीऐवजी बारीक वाटलेलं दाण्याचं कूट घाला. सुदानी स्वयंपाकात शेंगदाण्याचा लगदाही चालतोच.

५. मका, चुना आणि टॉर्टिया

यावर जरा जास्त लिहिते, कारण सगळे इथंच अडकतात आणि जमलं तर याच्यासारखं दुसरं नाही.

मक्याच्या साध्या पिठाची भाकर आपण करतो. ती थापताना तुटते, गार झाली की कडक होते. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर मुरवतात, मग वाटतात. चुन्यानं दाण्याचं साल सुटतं, पीठ एकमेकांना धरतं, भाकर घडी घालता येईल इतकी मऊ होते. हाच टॉर्टिया. आणखी एक मोठी गोष्ट घडते: मक्यातलं नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, एरवी अंगी लागत नाही, ते चुन्यानं मोकळं होतं. कोलंबसानंतर मका युरोपात गेला, पण ही पद्धत मागंच राहिली. स्पेनमध्ये आणि उत्तर इटलीत नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. कातडी सोलायची, जुलाब लागायचे, भ्रम व्हायचा. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्यानं १७३५ साली त्याची नोंद केली. मेक्सिकोत मका त्याहून जास्त खायचे, पण त्यांच्या हंड्यात चुना होता.

मका कोणता: वाळलेला, घट्ट दाण्याचा. कणीस भाजून खायचा गोड मका चालत नाही. दोन गोष्टी कटाक्षानं टाळा. पेरणीच्या थैलीतून उरलेलं बियाणं कधीही घेऊ नका. त्याला लावलेलं औषध, तो गुलाबी-लाल रंग, धुऊन जात नाही. आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी आणलेला स्वस्त मका नको, त्यात बुरशीचे दाणे असतात आणि त्या बुरशीचं विष शिजवून मरत नाही.

चुना कोणता: पानाला लावायचा, विझवलेला, पांढरा, बिनवासाचा. पानठेल्यावर मिळतो. आमच्या इथल्या ठेलेवाल्यानं विचारलंच, “काकू, खर्रा खायले लागल्या काय?” तंबाखूचा हात लागलेली डबी नको, नवीन पुडी किंवा बंद डबी घ्या. भिंतीला लावायचा चुना खाण्याचा नाही. कळीचा चुना तर घरात आणूच नका. पाणी पडताच तो उकळतो, डोळ्यात उडाला तर कायमची इजा होते.

प्रमाण: अर्धा किलो मका, दीड लिटर पाणी, दीड चहाचा चमचा ओला चुना. कोरडी चुन्याची पूड असेल तर ५ ग्रॅम. जास्त घातला तर साबणासारखी चव येते.

चुना पाण्यात विरघळवा, मका धुऊन घाला, उकळी आली की आच कमी करा. तीस ते चाळीस मिनिटं. मका पिवळा असेल तर रंग गडद होत जातो, हळदीत बुडवल्यासारखा. खाली उतरवा, झाकण ठेवून रात्रभर तसाच राहू द्या.

सकाळी एक दाणा बोटात चोळा. साल बुळबुळीत होऊन सरकलं पाहिजे. दाणा दाताखाली फोडा: बाहेरून शिजलेला आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा कच्चा पांढरा ठिपका दिसला की बरोबर झाला. पूर्ण मऊ झाला असेल तर पीठ चिकट होईल. मग गंजात पाणी घेऊन दोन्ही हातांनी चोळून धुवा. पिवळी साल वर तरंगते, ती ओतून टाका. पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत, दोन-तीन वेळा. सगळं साल निघालं पाहिजे असं नाही. थोडं राहिलं तर पीठ उलट चांगलं धरतं. हे चुन्याचं पाणी गोठ्यातल्या टाक्यात किंवा वाफ्यात ओतू नका, मोरीत जाऊ द्या.

वाटणं: पाट्यावर सर्वांत छान होतं. मेक्सिकोतही पूर्वापार दगडी पाट्यावरच वाटतात, त्यांच्या पाट्याला खाली तीन पाय असतात इतकंच. मिक्सरमध्ये वाटायचं तर पाणी लागतं आणि पीठ सैल होतं, म्हणून थोडंथोडं घ्या, चमच्या-चमच्यानं पाणी द्या, भांडं गरम झालं की थांबा. तरी सैल झालंच तर पातळ पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवा.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. धुतलेला मका मे महिन्याच्या उन्हात धाब्यावर पसरा, खडखडीत वाळवा, चक्कीवर बारीक दळून आणा. वर्षाचं पीठ तयार होतं. पाहिजे तेव्हा कोमट पाण्यात मळा. पण दाणा आतून खरंच वाळला पाहिजे. चक्कीवाला आधीच बजावतो, “ओलं असन तर आणू नका,” आणि त्याचं खरं आहे, दगड चिकटतात.

टॉर्टिया करणं: मीठ घालून पीठ मळा, झाकून वीस मिनिटं ठेवा. लिंबाएवढा गोळा तळहातावर दाबा. कडा चिरल्या तर पाण्याचा हात लावा, हाताला चिकटला तर पीठ सैल आहे. दुधाची पिशवी धुऊन दोन बाजूंनी कापा, गोळा तिच्यात ठेवून वरून जड, सपाट बुडाचा गंज दाबा. पुरीपेक्षा थोडा मोठा, सहा इंचांचा गोल येतो. कडक तापलेल्या तव्यावर टाका. अर्ध्या मिनिटात कड सुटली की उलटा; मिनिटभर ठेवा; परत उलटा आणि फडक्यानं हलकं दाबा. चांगलं पीठ असेल तर फुगतो. तेल लावायचं नाही. टोपलीत फडकं घालून त्यात गुंडाळून ठेवा. वाफेनं मऊ होतो, तव्यावरून थेट खाल्ला तर रबरी लागतो आणि माणूस उगाच नाराज होतो.

सोबत काय? बरबटी (चवळी) किंवा राजमा नुसत्या कांदा-लसूण-मिठावर मऊ शिजवा, मसाला काही नाही. आणि तव्यावर टमाटे, हिरवी मिरची, लसूण काळे डाग पडेपर्यंत भाजून पाट्यावर भरडा, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि लिंबू. याला तिथं साल्सा म्हणतात. मिरची आणि टमाटा दोन्ही आपल्याकडे अमेरिका खंडातूनच आले, त्यामुळे हे वाटण कुणाला परकं वाटत नाही. लाल हवा असेल तर भिवापुरी मिरची भिजवून घाला. बाजारात मिळतात त्या कडक कुरकुरीत घड्यांचा मेक्सिकोच्या रोजच्या जेवणाशी फारसा संबंध नाही, त्या शोधत बसू नका.

६. बेसनाची फारिनाता

इटलीच्या जिनोव्हाकडे फारिनाता, पलीकडे फ्रान्सच्या नीसमध्ये सोक्का. पाव किलो बेसन, पाऊण लिटर पाणी, मीठ, चार मोठे चमचे तेल. कालवून किमान चार तास ठेवा, वरचा फेस काढून टाका. तेल लावलेल्या रुंद, जाड पसरट भांड्यात बोटाच्या अर्ध्या जाडीएवढं ओता. तिथं लाकडाच्या भट्टीत भाजतात. आपल्याकडे खाली मंद निखारे आणि वरच्या झाकणावर निखारे ठेवले की काम होतं, पंचवीस-तीस मिनिटं. वर तांबूस, आत मऊ. मिरपूड घालून गरम खा.

हळद, ओवा, सोडा, कांदा काही नाही. चक्कीवरचं बेसन जाडं असतं, चाळून घ्या, नाहीतर खाली गाळ बसतो. ऑलिव्ह तेलाऐवजी शेंगदाण्याचं चालतं. चव वेगळी येते हे कबूल, पण चांगली येते.

७. अंबाडीच्या बोंडांचं करकडे

भाजीची अंबाडी वेगळी. इथं मांसल लाल बोंडांची हवी. थंडीत आठवडी बाजारात कुणीतरी टोपली घेऊन बसलेलं असतं. मधली बी काढून टाका, लाल पाकळ्या सावलीत वाळवा. लिटरभर पाण्याला एक मूठ, पाच-सात मिनिटं उकळा, गाळा, साखर घाला. रात्रभर थंड पाण्यात भिजवलं तर आंबटपणा सौम्य राहतो. इजिप्त-सुदानमध्ये गरमही पितात, गारही. मेक्सिकोतही याच बोंडांचं सरबत असतं, तेव्हा टॉर्टियासोबत हेच ठेवा.

८. घरच्यांना वाढताना

पूर्ण ताट बदलू नका. रोजची भाजी, वरण असू द्या आणि नवीन एकच पदार्थ ठेवा. रात्री शेतातून थकून आलेल्या माणसापुढे प्रयोग नको. सुटीच्या दुपारी करा. म्हातारी माणसं “ही तर मक्याचीच भाकर” म्हणतील. म्हणू द्या, दुसरी मागतात का तेवढं बघा. आंबट किसरा लहान मुलांना पहिल्यांदा जात नाही, त्यांना गूळ-तुपासोबत द्या.

मोसम धरून चाला म्हणजे धावपळ होत नाही. अंबाडीची बोंडं थंडीत वाळवून डबा भरा. मक्याचं चुन्यातलं पीठ आणि भेंडीची पूड पापड-कुरडयांच्याच वाळवणात मे महिन्यात उरकून घ्या. पाऊस लागला की दाणा वाळत नाही. पिठाच्या डब्यावर चिठ्ठी लावा, नाहीतर कुणीतरी ते बेसन समजून पिठलं करायला घेतं.